गुरूचा मान : प्रस्तावना

टाकवे बुद्रुकहून कान्हे फाट्याकडे उतरले की तळेगाव दाभाडे फार लांब राहत नाही. समाज गुरूला कसा मान देतो आणि त्याच्या पोटाची सोय कशी करतो, या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी आधी तिथेच नेईन.

तिथलेच, शाहू महाराजांचे सेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा प्रघात पाडला. १७३१ मध्ये पेशव्यांविरुद्धच्या डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्र्यंबकराव मारला गेला. पुढे ही दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात चालवली आणि पर्वतीच्या रमण्यात दूरदूरचे शास्त्री-वैदिक जमू लागले.

शिकणाऱ्याने स्वतः काही आणून द्यावे, ही रीत याहून जुनी. वाळवलेल्या मांसाची जुडी आणणाऱ्या कुणालाही कन्फ्यूशियस शिकवायला नाही म्हणत नसे, असे त्याच्या संवादांत नोंदलेले आहे. आपल्याकडे गावच्या शाळेतल्या पंतोजीला मुलांच्या घरून शिधा आणि थोडे पैसे मिळत. तिथे देणारा आणि शिकणारा एकाच घरातले. श्रावणातली दक्षिणा मात्र राज्याकडून विद्वत्तेला मिळे. घेणाऱ्याने कुणाला शिकवले, हे त्यात पाहिले जात नसे. माझ्या मते या विषयाचे खरे कोडे इथे आहे.

पेशवाई गेल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. ती पन्नास हजार रुपयांवर आणली आणि तिच्यातल्याच पैशातून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. दानाचा पैसा असा वर्गात आला. १८४९ मध्ये सुधारक लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज केला की, दक्षिणेचा काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना, जात न पाहता, द्यावा. शहरात मोठे वादळ उठले. पुढे जोतीराव फुल्यांच्या शाळांना सरकारी मदत मिळाली, तीही दक्षिणेच्या निधीतून. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी त्याच विश्रामबागवाड्यात इंग्रज अधिकारी मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांना शाली देण्यात आल्या.

आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई? मुलींना शिकवायला निघालेल्या त्या बाईंवर रस्त्यात शेण-चिखल फेकला जात होता. वाड्यातल्या शाली आणि रस्त्यावरचे शेण एकाच शहरातले, एकाच काळातले. कोणाला गुरू मानायचे नाही, हेही समाज ठरवत असतो. त्या नकाराचा इतिहास वगळून सन्मानाचा इतिहास लिहिला, तर तो फक्त देणाऱ्यांचे कौतुक होऊन बसतो.

वाचकांनो, काम पुष्कळ पडले आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल, म्हणजे कागदांची बासने, आहेत. मोडी शिका आणि ते उघडा. मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा, की मास्तरांच्या घरी सुगीला काय पोचवले जाई, ते कोण नेऊन देई, आणि कोणाच्या हातचे घेतले जात नसे.