बामियानच्या मोठ्या बुद्धमूर्तीची संगणकीय पुनर्रचना

अफगाणिस्तानातील बामियान येथील मोठ्या बुद्धमूर्तीच्या विध्वंसानंतर, तिच्या जुन्या छायाचित्रांवर मापने घेऊन संगणकाद्वारे तिचे त्रिमितीय प्रारूप तयार करण्यात आले. हे काम झुरिक येथील ईटीएच या तंत्रज्ञान संस्थेतील आर्मिन ग्रुएन, फाबियो रेमोंडिनो व ली झांग यांनी केले.

पार्श्वभूमी

बामियान खोऱ्यातील कड्यात सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास दोन उभ्या बुद्धमूर्ती कोरण्यात आल्या. त्यांपैकी मोठीची उंची सुमारे ५५ मीटर, तर लहानीची सुमारे ३८ मीटर होती. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या उद्ध्वस्त केल्या. मूळ मूर्तीच उरली नसल्याने नव्याने मापन करणे अशक्य होते.

साधने

संशोधकांनी तीन प्रकारची छायाचित्रे वापरली : आंतरजालावरील, पर्यटकांनी काढलेली आणि ऑस्ट्रियातील ग्राझचे प्राध्यापक कोस्टका यांनी १९७० मध्ये मापन-कॅमेऱ्याने घेतलेली तीन छायाचित्रे. मापन-कॅमेऱ्याची अंतर्गत भूमिती अचूक ठाऊक असते. म्हणून ही तीन छायाचित्रे सर्वांत विश्वसनीय ठरली.

पद्धत

एकच बिंदू दोन निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांत दिसत असेल, तर दोन्ही कॅमेऱ्यांपासून त्याच्याकडे जाणाऱ्या दृष्टिरेषा जेथे छेदतात, तेथे त्याचे स्थान निश्चित होते. त्यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याचे स्थान व दिशा आधी काढावी लागते. अशा रीतीने मिळालेले बिंदू त्रिकोणांच्या जाळीने जोडून पृष्ठभाग तयार करतात व त्यावर छायाचित्रातील रंग आणि पोत चढवतात.

फलित

संगणकाने आपोआप जुळवलेल्या बिंदूंतून मूर्तीचा एकूण आकार चांगला मिळाला. परंतु चीवराच्या बारीक चुण्या त्यात पुसट झाल्या. त्यामुळे चुण्यांच्या कडांवरील बिंदू छायाचित्रांत एकेक करून माणसांनी मोजले. या प्रारूपावरून १ : २०० प्रमाणातील प्रतिकृतीही बनविण्यात आली.

मर्यादा

मूर्तीच्या चेहऱ्याचा वरचा भाग विध्वंसाच्या बऱ्याच आधीपासून नाहीसा झालेला होता. त्यामुळे हे प्रारूप १९७० मधील मूर्तीचे आहे, शिल्पकारांनी घडविलेल्या मूळ रूपाचे नव्हे. मापनातून जे मिळत नाही, ते पुनर्रचनेत दाखविल्यास तो अनुमानाचा भाग ठरतो. मोजलेला व अनुमानित भाग वेगळा ओळखता येणे, ही अशा प्रत्येक प्रारूपाच्या विश्वासार्हतेची अट होय.