छद्दंत जातकाची चित्रे आणि आपली नजर

अजिंठा म्हटले की मराठी माणसाला आधी मेजर गिल आणि पारो आठवतात. त्यांच्यावर ना. धों. महानोरांचे दीर्घकाव्य आहे, २०१२ मध्ये सिनेमाही आला. ज्या चित्रांच्या नकला करण्यासाठी गिल तिथे राहिला, त्या चित्रांतल्या कथा मात्र आपल्याच घरांत कुणी सांगत नाही.

यावर चळवळीतले काही मित्र विचारतात, बाबासाहेबांनी आत्म्याचे संक्रमण नाकारले. मग बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांचे आपण काय करायचे? प्रश्न रास्त आहे. पण कथेवर श्रद्धा ठेवणे वेगळे आणि ती कुणी, कशी रंगवली हे पाहणे वेगळे, असे आम्ही मानतो. हा वारसा आपण सोडून दिला तर त्याचा अर्थ पर्यटन खात्याची पत्रके लावतील.

छद्दंत जातक घ्या. सहा सुळ्यांचा हत्तीराजा. त्याच्यावर रुसलेली हत्तीण पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि सुळे आणायला शिकाऱ्याला पाठवते. विषारी बाण लागल्यावर हत्ती त्याच्यावर धावतो. पण अंगावरचे काषाय वस्त्र पाहून थांबतो. शिकाऱ्याला सुळे कापता येत नाहीत, तेव्हा हत्ती स्वतःच ते कापून देतो. सुळे पाहताच राणीचे काळीज फुटते.

स्त्रीच्या मत्सरावर सगळा दोष टाकणारी ही मांडणी आम्हाला खटकते. पण १० क्रमांकाच्या लेण्यातला चित्रकार तिला खलनायिका करत नाही. सुळे समोर येताच ती कोसळते, भोवतीचे लोक तिला सावरतात. शब्दांत जिथे शिक्षा आहे, तिथे भिंतीवर पश्चात्ताप दिसतो. हे चित्र इसवी सनापूर्वीच्या काळातले. सुमारे पाचशे वर्षांनी १७ क्रमांकाच्या लेण्यात हीच कथा पुन्हा रंगवली गेली. चौकटी नाहीत, एकच पात्र पुन्हा पुन्हा येते आणि कथा आपण पाहता पाहता जुळवायची असते.

१७ क्रमांकाच्या लेण्यात दात्याची स्तुती शिलालेखात कोरली आहे. मातीत भुसा कालवून गिलावा करणाऱ्या, गेरू आणि काजळी घोटणाऱ्या हातांची नावे उरली नाहीत. नकलांचेही नशीब तसेच. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या, त्यांतल्याही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. म्हणून मूळ भिंतीच पाहायला हव्यात.

१० क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये खांबावरच्या चित्रावर आपले नाव कोरले. आत साचलेल्या मलब्यावर तो उभा होता, म्हणून ते नाव आज डोक्याच्याही वर दिसते. गाईड तिथे हमखास थांबवतात. तुम्ही उजव्या भिंतीकडे जा. छद्दंत तिथे आहे, खूप पुसट. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दिसत नाही.