घराची अदृश्य कडी

आमच्या विठ्ठलवाडींत रात्रीं दाराला कडी लावल्यावांचून कोणी निजत नाहीं. वाय-फायच्या लहरी मात्र भिंतीपलीकडे जातात. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट होण्याच्या कांहीं मिनिटें आधीं धमकीचें ई-पत्र निघालें, तें आपल्या ठाणे जिल्ह्यांतील सानपाड्याच्या एका गृहस्थाच्या उघड्या वाय-फायमधून! पोलीस प्रथम त्याच्याच दारीं गेले. त्याचा कटाशीं संबंध नव्हता. पुढील दोन महिन्यांच्या आंत माटुंग्याचें खालसा महाविद्यालय व चेंबूरची एक कंपनी यांच्यावरहि हाच प्रसंग आला. १९९७ सालचें ‘वेप’ नामक कुलूप तर २००१ मध्येंच फोडलें गेलें होतें. यास्तव ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ निवडून लांब परवलीचा शब्द ठेवावा. माझ्या घरीं कारखान्याचाच शब्द दोन वर्षें चालू होता. हें भाषण लिहितांना मीं तो बदलला.