एका बाइटची सूचना आणि पुण्याचा परम

आज म्हैसूरहून बोलतोय, पण गोष्ट पुण्याची आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच्या पोटात काय होतं, ते आज पाहू.

आत होते ट्रान्सप्युटर, म्हणजे ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीचे प्रोसेसर. त्यातल्या टी-८०० या चिपवर वेगवान स्मृती होती फक्त ४ किलोबाइट. बाहेरची स्मृती त्या मानाने मंद. म्हणजे प्रोग्राम जितका आटोपशीर, तितकं काम चिपवरच्या चिपवर उरकणार.

म्हणून इनमॉसने प्रत्येक सूचना एकाच बाइटची ठेवली. त्यातले चार बिट 'काय करायचं' ते सांगतात, उरलेले चार 'कोणत्या आकड्यावर'. चार बिटांत ० ते १५ एवढंच मावतं. मोठा आकडा हवा असेल तर आधी जोडसूचना द्यायची. समजा, चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांसाठी १००० हा आकडा हवा आहे. त्याला तीन बाइट लागतात. पण प्रोग्राममध्ये छोटे आकडेच फार येतात. चालवलेल्या सूचनांपैकी सुमारे ७० टक्के एकाच बाइटमध्ये भागतात, अशी इनमॉसची मोजणी होती.

शिवाय हिशेब तीन रजिस्टरांच्या चळतीवर चालायचा. कोणतं रजिस्टर, हे सांगायलाच नको! 'वाय घे, एक मिळव, एक्समध्ये ठेव' हे काम तीन बाइटमध्ये होई. स्पार्कसारख्या प्रोसेसरवर प्रत्येक सूचना ठरलेली चार बाइटची. तेच काम स्मृतीतून केलं तर बारा बाइट.

मग स्पार्क मागे पडला का? उलट झालं. त्याच्याकडे रजिस्टरं भरपूर. एक्स आणि वाय तिथेच ठेवले की एका सूचनेत काम होतं. सगळ्या सूचना एकाच मापाच्या असल्याने एकीमागून एक पटापट उलगडताही येतात. स्मृतीही स्वस्त होत गेली. पुढच्या 'परम ९०००'मध्ये सी-डॅकने स्पार्क वापरले आणि ट्रान्सप्युटरचा काळ संपला.

पण आटोपशीरपणाची गरज संपली नाही. आजच्या रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचात नेहमीच्या सूचना चारऐवजी दोन बाइटमध्ये लिहायची सोय आहे. त्याने प्रोग्राम साधारण पाव हिश्शाने लहान होतो. ती सोय घ्यायची की नाही, हे चिप बनवणाऱ्याने ठरवायचं. सी-डॅकचे 'वेगा' प्रोसेसर याच सूचनासंचावर उभे आहेत. १९९१ मध्ये चिप परदेशी होती, सूचनेचं माप दुसऱ्याने ठरवलेलं होतं. आता तो निर्णय आपल्या हातात आला आहे, आणि मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.