लारींची दुरुस्ती

फाशीचा वाद आपल्याकडे एखाद्या भीषण गुन्ह्याच्या बातमीबरोबर पेटतो आणि बातमीबरोबरच विझतो. तो संविधान सभेत होऊन गेला आहे, हे फारसे कुणाला आठवत नाही.

नोव्हेंबर 1948 च्या अखेरीस संयुक्त प्रांताचे मुस्लिम लीगचे सदस्य झेड. एच. लारी यांनी एक दुरुस्ती मांडली. हिंसेचा वापर झालेला राजद्रोह वगळता देहदंड रद्द करावा आणि ते संविधानातच लिहावे, अशी. मुद्दा साधा होता. न्यायाधीशही माणूस, तो चुकणारच. तुरुंगात डांबलेल्याला सोडता येते, फासावर दिलेल्याला परत आणता येत नाही. तो काळ डोळ्यांपुढे आणा. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, गांधीहत्येचा खटला लाल किल्ल्यात चालू होता. अशा वेळी लीगच्या बाकावरून जीवदानाची भाषा बोलायला हिंमतच लागली असणार. तत्त्व मान्य, पण ते संविधानात नको, असेही एक मत निघाले. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. ती फेटाळली गेली.

गंमत पुढेच आहे. जून 1949 मध्ये, फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे की नसावे, यावर चर्चा चालली होती. स्वतः फाशीच्या कोठडीत राहिलेले शिब्बनलाल सक्सेना त्यात पोटतिडकीने बोलले. निरपराध माणसे फासावर जाताना त्यांनी पाहिली होती. तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की, अपिलाच्या तजविजीपेक्षा फाशीच रद्द करणे बरे. हा देश आचरणात नसला तरी तत्त्वाने अहिंसा मानतो, हा त्यांचा आधार. म्हणजे सहाच महिन्यांत लारींचे म्हणणे त्यांच्या तोंडून आले, पण दुरुस्ती तोवर मेलेली होती.

2015 साली विधी आयोगाने आपल्या 262 व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध एवढे सोडून फाशी रद्द करण्याची शिफारस केली. हा जवळपास लारींचाच अपवाद. मला मात्र नेमका हा अपवादच पटत नाही. माणूस चुकतो म्हणून फाशी नको, असे म्हटले, तर जिथे लोकक्षोभ सर्वांत जास्त असतो, तिथे चूक होण्याचा धोका कमी कसा होईल? अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात तिघांना फाशी झाली होती, उच्च न्यायालयाने ती कायमही केली. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व सहा आरोपींना निर्दोष सोडले.

आणि लोकक्षोभाला दहशतवादच लागतो असेही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या प्रकरणात भटक्या जमातींतले सहा गरीब पकडले गेले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर ठरले. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला आणि सहाही जण निर्दोष सुटले. राज्य सरकारने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला.