गोधडीच्या पोटातला इतिहास



मार्गशीर्ष लागला की आपल्या भिवंडी तालुक्यात बायकांच्या कामाची घडी बदलते. भाताची झोडणी उरकलेली असते, पेंढा रचून झालेला असतो. खाचरात उरलेल्या ओलीवर वाल आणि मूग वर आलेले असतात. घरामागच्या परसात मुळा, माठ, वांगी, कोथिंबीर न्हाणीच्या पाण्यावर वाढत असतात. गुरुवारी लक्ष्मीची कहाणी वाचली जाते. आणि दुपारी ओटीवर ऊन आलं की कुणीतरी गाठोडं सोडतं, सुई-दोरा शोधतं आणि गोधडी अंथरली जाते.

आज मला या दुपारचा इतिहास सांगायचा आहे. इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि शाळेत पाठ केलेल्या सनावळ्या येतात. सनावळ्या माझ्याही बोलण्यात आहेत, पण त्या एका गोधडीतून निघाल्या आहेत.

गेल्या थंडीत आमच्या एका गटाची बैठक होती. बैठक संपल्यावर गटातल्या काकूंनी त्यांच्या सासूबाईंच्या हातची गोधडी बाहेर आणली. वरचं कापड विरलं होतं, नवं चढवायचं होतं. तुम्हाला ठाऊकच आहे, जुनी गोधडी आपण टाकत नाही. तिच्यावरच नवं लुगडं घालतो आणि पुन्हा धावदोरा घालत जातो. काकूंनी कडेचा दोरा उसवला आणि आम्ही सगळ्या वाकून बघायला लागलो. आत एकाखाली एक चार थर निघाले.

वर होती फुलाफुलांची नायलॉनची साडी. तिच्याखाली लूमवरच्या चिंध्या जोडून केलेला थर. त्याच्याखाली मांजरपाट, पिवळा पडलेला पण अजून दणकट. आणि अगदी तळाला हातमागाचं जाडंभरडं लुगडं, त्याच्या काठाचा रंगसुद्धा ओळखू येत नव्हता.

आता तळापासून वर येऊ या.

तळाचं लुगडं हातमागाचं. १८५७ च्या उठावानंतर आजच्या उत्तर प्रदेशातून मुसलमान विणकरांची कितीतरी कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. कुणी मालेगावला राहिलं, कुणी आपल्या भिवंडीत. माग पुरुष चालवत, पण सूत उलगडणं, कांड्या भरणं ही कामं घरातल्या बायका-मुलींची होती. म्हणजे आपल्या गावातल्या बाईने अंगावर नेसलेल्या लुगड्याला आधीच दुसऱ्या एका बाईचा हात लागलेला होता. एकीचं नाव दुसरीला कधी कळलं नाही.

त्याच्यावरचं मांजरपाट मुंबईच्या गिरणीतलं. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं कोकणातला, घाटावरचा पुरुष गिरणीत कामाला जात राहिला. बाई गावी राहिली. शेत तिने केलं, परस तिने राखलं, म्हाताऱ्यांचं तिने पाहिलं. काकूंचे सासरे असेच गिरणीत होते. सुट्टीला येताना ते मांजरपाट घेऊन यायचे. त्याचे सदरे झाले, चड्ड्या झाल्या, उशांचे अभ्रे झाले आणि सगळं फाटल्यावर उरलंसुरलं गोधडीत गेलं.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप लांबत गेला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत आणि हजारो माणसं गावी परतली. काकूंचे सासरे त्यातलेच एक. कापडाचं काम मात्र थांबलं नव्हतं, ते भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलं होतं. भिवंडीत वीजेवरचे माग १९३० च्या दशकापासूनच आले होते. संपानंतर ते आणखी वाढले. गल्लोगल्ली खडखडाट, आणि कारखान्याच्या दाराशी चिंध्यांचे ढीग. किलोवर मिळणाऱ्या त्या चिंध्या आपल्या बायकांनी घरी आणल्या. गोधडीतला मांजरपाटाचा थर संपतो आणि चिंध्यांचा सुरू होतो, तो इथे.

वरच्या नायलॉनच्या साडीची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. ती आपल्या सगळ्यांच्या घरात आहे.

हे सगळं बोलताना ओटीवर मोठी मजा आली. पण माझ्या हातात गटाची इतिवृत्ताची वही होती, म्हणून सहज विचारलं, "काकू, सासूबाईंचं नाव काय हो? लिहून ठेवते." काकू थांबल्या. पंचवीस वर्षं त्या सासूच्या हाताखाली राबल्या होत्या, पण हाक कायम "आत्याबाई". नाव आठवायला त्यांना वेळ लागला. शेवटी आतून रेशनकार्ड आणलं तेव्हा नक्की झालं. माहेरचं नाव काय होतं, ते घरात कुणालाच सांगता आलं नाही.

ही गोष्ट मी कुणाला कमी लेखायला सांगत नाही. त्या रात्री घरी जाऊन मी माझ्या आजीच्या आईचं नाव आठवून पाहिलं. मलाही आलं नाही.

असं का झालं? लिहिणाऱ्याला आपल्या कामाची गरज वाटली नाही, हे एक कारण. १८८२ साली इंग्रज सरकारने ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. जाडजूड ग्रंथ. त्यात पिकं आहेत, बंदरं आहेत, जाती-जमाती आहेत, जमिनीचा सारा आहे. सरकारला वसुलीसाठी जे लागत होतं ते लिहिलं गेलं. परसातल्या वालावर सारा नव्हता आणि गोधडी बाजारात विकली जात नव्हती. ज्याचा पैसा झाला नाही त्याची नोंद झाली नाही.

दुसरं कारण, आपल्या हातात लेखणी उशिरा आली. सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली ते साल १८४८. तोवर बाईने जे सांगायचं ते जात्यावर सांगितलं. पहाटेच्या थंडीत दळताना तिने ओव्या म्हटल्या. त्यात माहेर, सासर, भाऊ, पाऊस, भूक सगळं आलं. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून १९४० मध्ये 'स्त्री जीवन' हे पुस्तक काढलं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या नोंदवल्या. त्यांच्या कामाची मला आवडणारी बाब ही की ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गावही लिहून घेतलं जायचं.

बहिणाबाई चौधरींचं तर आपण सगळ्या जाणतोच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या गाणी म्हणत. त्यातली काही मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली होती. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली. पुस्तक आलं १९५२ मध्ये. विचार करा, घरात कुणी लिहून ठेवणारं नसतं तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. अशा किती बाया गेल्या असतील, ज्यांच्या घरात वहीच नव्हती?

लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र स्वतःच लिहिलं. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. शाळेचं शिक्षण असं काही नाही. पण घरातली भांडणं, रिकामे डबे, नवऱ्याची तऱ्हा, स्वतःची फजिती त्यांनी अशी मोकळेपणाने लिहिली की आजही लोक वाचतात. त्यांनी विषय शोधला नाही. घरात होतं तेच लिहिलं.

आता थोडं दूर जाऊ. अमेरिकेत, मेन नावाच्या कडक थंडीच्या मुलखात मार्था बॅलार्ड नावाची एक सुईण होती. तिने १७८५ पासून १८१२ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, जवळजवळ रोज चार ओळी लिहिल्या. आज बर्फ पडला, आज बागेत अमुक लावलं, मुलींनी मागावर कापड विणलं, रात्री नदी ओलांडून बाळंतपणाला गेले. तिच्या वहीत आठशेहून जास्त बाळंतपणांची नोंद आहे. पुढे शंभर-दीडशे वर्षं ती वही बघणाऱ्यांना वाटलं, यात काय आहे, रोजची घरकामं. मग लॉरेल उलरिच या इतिहासकार बाईंनी तीच वही नीट वाचली आणि १९९० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुरुषांच्या हिशेबवह्यांत न सापडणारा बायकांचा सगळा व्यवहार, कोण कुणाकडे विणायला गेलं, कुणी मोबदल्यात काय दिलं, त्या घरकामांच्या ओळींतून बाहेर आला.

लिहिता येत नसेल तरी सुई असतेच. बंगालमध्ये आपल्या गोधडीसारखीच कांथा शिवतात. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या मुलीने ती वडिलांसाठी शिवली आणि त्यावर दोऱ्यानेच आपलं नाव लिहिलं. म्हणून आज मी ते नाव तुम्हाला सांगू शकते. आपल्या आत्याबाईंच्या गोधडीतले टाके कमी बारीक नव्हते. नाव तेवढं राहिलं.

परसाचंही असंच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण कुठला वाल कुठल्या मातीत येतो, कुठलं बी किती दिवस टिकतं, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी गावठी बियाणं जमवलं, जपलं आणि बायकांच्या गटांमार्फत पसरवलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंना जे ठाऊक आहे त्यातलं थोडंथोडं आपल्या प्रत्येकीच्या सासूला ठाऊक होतं. राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं वालाचं बी, वेलावर मुद्दाम राखलेला दुधी, हे ज्ञान आपण कुठे लिहिलं आहे का?

आणि इथे मला काकूंची उरलेली गोष्ट सांगावी लागते. आत्याबाईंचं परस आता नाही. हमरस्त्याच्या बाजूने गोदामं वाढत आली आणि तो तुकडा विकला गेला. व्यवहार झाला तेव्हा आत्याबाई हयात होत्या. चाळीस वर्षं त्यांनी तिथे भाजी पिकवली होती, पण कागदावर त्यांचं नाव नव्हतं. म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही, सहीसुद्धा लागली नाही. एके दिवशी जेसीबी आला तेव्हा त्यांनी घाईघाईने मिरचीची चार रोपं उपटून डब्यात लावली. काकू म्हणाल्या, "ते डबे शेवटपर्यंत त्यांच्या खाटेजवळ होते."

मैत्रिणींनो, आपली वही म्हणजे सातबारा नव्हे, हे मला माहीत आहे. वहीत लिहिल्याने जमीन नावावर होत नाही. त्यासाठी वेगळं करावं लागतं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, त्यानंतर १९९२ मध्ये सरकारने तशी योजना आणली. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागू शकतं. आपल्या किती जणींच्या घरी हा अर्ज गेला आहे? आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आता आईचं नाव लागतं. नाव लागायला इतकी वर्षं गेली.

पण मागायला उभं राहण्याआधी आपण काय करतो ते आपल्याला नीट सांगता यायला हवं. नोंद ठेवायची सवय आपल्या बचत गटांनी आपल्याला लावलीच आहे. बैठक, बचत, कर्ज, परतफेड यांच्याबरोबर हिशेब लेखन हेही पंचसूत्रीत आहे. दुसऱ्याने घेतलेले पन्नास रुपये आपण न चुकता लिहितो. मग स्वतःचा दिवस का नाही?

आमच्या गटाने या थंडीत एक ठरवलं आहे. शंभर पानी वही. रात्री भांडी झाली की तीन ओळी. आज परसातून काय निघालं, विकलं असतं तर किती झाले असते. आज काय शिवलं, कापड कुणाचं होतं. आणि एखादी आठवण, आईने किंवा सासूने सांगितलेली. जिला लिहिता येत नाही तिने सांगायचं, मुलीने किंवा सुनेने लिहायचं. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

काकूंच्या वहीचं पहिलं पान आत्याबाईंचं आहे. त्यावर रेशनकार्डावरचं पूर्ण नाव आहे. माहेरचं नाव आत्याबाईंच्या धाकट्या बहिणीकडून कळलं, तेही आहे. आणि ती गोधडी पुन्हा शिवून झाली. आता तिच्यात पाच थर आहेत. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने सासू आणि सून, दोघींची नावं घातली आहेत, आणि खाली साल.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून आम्ही वह्या वाटणार आहोत. तोवर तुम्ही एवढंच करा. घरातल्या सगळ्यात जुन्या गोधडीजवळ बसा आणि ती शिवणारीचं नाव घरात विचारा. कळलं की लगेच लिहून ठेवा.