निर्वासित छावण्यांतील किशोरवयीन मुली

युद्ध, फाळणी, दंगली किंवा वांशिक छळ यांमुळे घरदार सोडावे लागलेल्या लोकांच्या तात्पुरत्या वसाहतींत राहणाऱ्या, सर्वसाधारणपणे १० ते १९ वर्षे वयाच्या मुली. छावण्यांच्या व्यवस्थेत हा वर्ग दीर्घकाळ स्वतंत्रपणे ओळखला गेला नाही. शिधा, दूध व लस यांच्या याद्यांत अशी मुलगी ‘मूल’ म्हणून मोजली जाई; विवाह, अब्रू व कुलप्रतिष्ठा यांचा प्रश्न आला की ती ‘स्त्री’ ठरे. शाळा पुढे चालू राहते की सुटते, विवाह केव्हा व कोणाच्या संमतीने होतो, हाताला कोणते काम लागते, या आयुष्याला वळण देणाऱ्या गोष्टी मात्र याच मधल्या वर्षांत ठरतात. म्हणून तिला कोणापासून सुरक्षित ठेवावयाचे, या प्रश्नाइतकाच तिला कशासाठी सुरक्षित ठेवावयाचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. १९४३ ते १९५७ या काळातील भारतीय छावण्यांचा इतिहास या दोन प्रश्नांतील अंतर स्पष्ट करतो.

वळिवडे येथील पोलिश छावणी : दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सोव्हिएट रशियाने पूर्व पोलंडमधील लक्षावधी नागरिकांना सायबीरिया, कझाकस्तान इ. प्रदेशांत हद्दपार केले. १९४१ मध्ये सोव्हिएट व पोलिश सरकारांत करार झाल्यानंतर त्यांपैकी अनेकांची सुटका झाली व १९४२ मध्ये ते इराणमार्गे बाहेर पडले. यांपैकी सु. ५,००० जणांसाठी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे छावणी उभारण्यात आली. पुरुषवर्ग मुख्यतः सैन्यात असल्याने छावणीत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाच भरणा होता. अनेक मुलींचे आईवडील हद्दपारीत दगावले होते.

तथापि या छावणीत शिक्षण हे दैनंदिन जीवनाचे केंद्र होते. प्राथमिक व माध्यमिक शाळा, व्यापारशिक्षणाचे वर्ग, वीरबाला पथके, नाट्यप्रयोग, चर्च व रुग्णालय यांची व्यवस्था पोलिश निर्वासितच पाहत. मुलींना शालान्त परीक्षेपर्यंत शिकता येई. युद्ध संपल्यावर त्यांना मायदेशी वा अन्यत्र नवे जीवन सुरू करावयाचे आहे, हे या व्यवस्थेत गृहीत धरलेले होते. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. तेथील रहिवासी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इ. देशांत विखुरले, काही पोलंडला परतले. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ती गांधीनगर या नावाने ओळखली जाते.

फाळणी व मुली : १९४७ च्या फाळणीत एक कोटीहून अधिक लोक स्थलांतरित झाले. एकट्या कुरुक्षेत्राच्या छावणीत एका वेळी सु. तीन लाख निर्वासित होते. वळिवड्याची नियोजनबद्ध व्यवस्था या प्रमाणावर शक्य नव्हती, हे मान्य करावे लागते. परंतु फरक केवळ संख्येचा नव्हता. फाळणीच्या हिंसाचारात मुलीचे शरीर हे जमातीच्या प्रतिष्ठेचे चिन्ह मानले गेले. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा या गावी सु. ९० स्त्रिया व मुली यांनी विहिरीत उडी घेऊन प्राण दिले. अनेक कुटुंबांत वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या मुलींना ठार केले आणि त्याला रक्षण असे नाव दिले. छावणीत पोहोचलेल्या मुलींच्या रक्षणाची कल्पना याच वातावरणात घडली.

पळवून नेलेल्या स्त्रियांच्या शोधासाठी भारत व पाकिस्तान यांच्यात डिसेंबर १९४७ मध्ये करार झाला. १ मार्च १९४७ नंतर घडलेली धर्मांतरे व विवाह मानू नयेत, असे ठरले. भारताच्या बाजूने या कार्याची मुख्य धुरा मृदुला साराभाई यांनी वाहिली. पुनर्वसन मंत्रालयाच्या महिला विभागाची जबाबदारी रामेश्वरी नेहरू यांच्याकडे होती. दिल्लीतील मुसलमान निर्वासितांच्या छावण्यांत अनीस किडवाई यांनी काम केले. त्यांच्या आठवणी या काळाचे महत्त्वाचे साधन आहेत. अनेक कुटुंबे परत आलेल्या मुलींना स्वीकारीत नसत. म्हणून महात्मा गांधी व जवाहरलाल नेहरू यांना त्यांचा सन्मानाने स्वीकार करण्याचे जाहीर आवाहन करावे लागले. सु. आठ वर्षांत दोन्ही देशांत मिळून सु. ३०,००० स्त्रिया शोधून काढण्यात आल्या. ज्यांना खरोखरच सुटका हवी होती, त्यांच्या दृष्टीने हे कार्य मोलाचे होते, यात शंका नाही.

कायदा व संमती : या कार्याला आधार देण्यासाठी १९४९ मध्ये अपहृत व्यक्तींच्या शोधाचा व परत पाठवणीचा कायदा भारतात संमत झाला. त्यातील व्याख्या उद्‌बोधक आहे. ठराविक काळात आपल्या कुटुंबापासून दुरावलेली व अन्य व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या ताब्यात आढळलेली मुसलमान व्यक्ती ‘अपहृत’ ठरे. मात्र पुरुषाच्या बाबतीत ती सोळा वर्षांखालील असावी लागे आणि स्त्रीच्या बाबतीत वयाची कोणतीही अट नव्हती. म्हणजे सोळा वर्षे पूर्ण झालेला मुलगा स्वतःच्या निवासाबद्दल निर्णय घेऊ शके. स्त्रीला तो अधिकार कोणत्याच वयात मिळत नव्हता. व्याख्येत तिच्या इच्छेचा उल्लेखही नव्हता. पोलिसांना अधिपत्रावाचून झडती घेण्याचा अधिकार होता. वाद उद्‌भवल्यास निर्णय न्यायाधिकरणाकडे असे. विधेयकावरील चर्चेत ठाकुरदास भार्गव प्रभृती सदस्यांनी नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न उपस्थित केला. रामेश्वरी नेहरू यांनीही इच्छेविरुद्ध परत पाठवणीला विरोध दर्शविला.

या प्रश्नाचे स्वरूप १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्णीत झालेल्या एका खटल्यावरून दिसते. जून १९५१ मध्ये पंजाबातील एका गावातून सु. बारा वर्षांच्या मुलीला ताब्यात घेऊन अखेर जलंधर येथील छावणीत ठेवण्यात आले. फाळणीच्या वेळी ती आठ वर्षांची असावी; मधल्या चार वर्षांत तिचे बालपण दुसऱ्या घरात, दुसऱ्या धर्माच्या चालीरीतींत सरले होते. न्यायाधिकरणाने तिला पाकिस्तानात पाठविण्याचा निर्णय दिला. हा कायदा संविधानाच्या अनुच्छेद २२ शी विसंगत आहे, असे पंजाब उच्च न्यायालयाचे मत पडले. परंतु अशा प्रकारे ताब्यात घेणे म्हणजे त्या अनुच्छेदाच्या अर्थाने अटक नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. युक्तिवाद ताब्याच्या कायदेशीरपणाविषयी झाला. तिला स्वतःला कोठे राहावयाचे आहे, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीबाहेर राहिला. परत जाण्यास राजी नसलेल्या स्त्रियांना सक्तीने पाठवू नये, हा विचार १९५४ च्या सुमारास मान्य होऊ लागला. १९५७ मध्ये कायद्याची मुदत संपली व ती पुन्हा वाढविण्यात आली नाही.

आश्रम, शिक्षण व उद्योग : ज्या स्त्रियांना कुटुंबातील पुरुषाचा आधार उरला नव्हता, त्यांच्यासाठी शासनाने स्वतंत्र आश्रम काढले. जलंधरचा गांधी वनिता आश्रम, कर्नाल येथील महिला आश्रम व दिल्लीतील कस्तुरबा निकेतन ही त्यांपैकी प्रमुख होत. तेथे शिवण, भरतकाम, सूतकताई, विणकाम इत्यादींचे शिक्षण मिळे. काहींना परिचर्या, शिक्षकी पेशा वा टंकलेखन यांचेही शिक्षण घेता आले. आश्रमातील मुलींचा विवाह जुळविणे हा पुनर्वसनाचा मार्ग मानला जाई. १९४९ मध्ये मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदावरून पंधरा करण्यात आले होते. त्यामुळे शाळा अर्धवट असतानाच विवाह होण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. शिवणयंत्रावर मिळणारे उत्पन्न तुटपुंजे असले, तरी स्वतःच्या हातची पहिली कमाई म्हणून त्याचे मोल मोठे होते.

पश्चिम बंगालमध्ये १९५० च्या दंगलींनंतर धुबुलिया, कूपर्स कँप इ. छावण्यांत निर्वासितांची संख्या वाढली. निराधार स्त्रिया, वृद्ध व अपंग यांना तेथील शासकीय परिभाषेत ‘कायमचा भार’ म्हटले जाई. आईबरोबर आलेली मुलगीही याच सदरात वाढत असे. प्रत्यक्षात मात्र निर्वासित वसाहतींतील अनेक मुली शाळा, कचेऱ्या व दूरध्वनी केंद्रांत नोकऱ्या करू लागल्या आणि त्यांच्या पगारावर घरे चालली. ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) या चित्रपटाची नायिका अशीच आहे. कमावत्या मुलीच्या त्यागावर कुटुंब सावरते व ती स्वतः झिजते, हे त्यातील चित्रण मिळकत म्हणजेच स्वातंत्र्य नव्हे, याची जाणीव देते.

मुंबई इलाख्यात सिंधी निर्वासितांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे उल्हासनगरचा पाया घातला. बराकींत पडदे टांगून कुटुंबे राहत. पापड, लोणची व शिवणकाम यांत आईबरोबर मुलींचाही हात असे. येथे बहुतेक कुटुंबे एकत्र पोहोचली होती आणि शिक्षणाची आस्था सिंधमधूनच आलेली होती. बराकींलगत शाळा व कालांतराने महाविद्यालये निघाली. शहरातील भाग ‘कॅम्प’ व क्रमांक यांनीच ओळखले जात असले, तरी छावणीचे रूपांतर शहरात झाले.

पुढील काळ : निर्वासितांच्या दर्जाविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील निर्वासिताच्या व्याख्येत लिंग वा वय यांचा निर्देश नाही. पॅलेस्टिनी निर्वासित मुलींसाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने रामल्ला येथे १९६२ मध्ये निवासी प्रशिक्षण केंद्र काढले, हा महत्त्वाचा टप्पा होय. बालहक्कांचा करार (१९८९) व संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांनी १९९१ मध्ये काढलेली निर्वासित स्त्रियांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे यांमुळे या प्रश्नाला स्वतंत्र स्थान मिळाले. कडी असलेली व उजेडातील शौचालये, मुलींसाठी वेगळी न्हाणीघरे, शिधापत्रिकेवर स्त्रीचे नाव, जवळची शाळा व स्त्री-शिक्षिका हे उपाय साधे वाटतात. परंतु केन्यातील दादाब छावणीत सरपणासाठी दूर जाणाऱ्या स्त्रिया व मुली यांच्यावर हल्ले झाले, त्यावरून अशा साध्या गोष्टींचे महत्त्व कळते. २०१२ मध्ये जॉर्डनमध्ये उघडलेल्या झातारी छावणीतील सिरियन कुटुंबांत मुलींचे विवाह लवकर उरकण्याची प्रवृत्ती दिसून आली. तिच्या मुळाशीही मुलीला सुरक्षित करण्याचीच भावना होती.

कुंपण, पहारा व कायदा यांनी मुलीचा जीव वाचतो आणि तो वाचविणे हे छावणीचे पहिले कर्तव्य आहे. तथापि हेच साधन तिच्या इच्छेला वगळून वापरले गेले, तर रक्षण व ताबा यांत भेद उरत नाही. वळिवड्याच्या शाळेने मुलीच्या उद्याचा विचार केला. १९४९ च्या कायद्याने ती कोणाची, एवढेच विचारले. छावणीतील मुलींसाठी आखलेल्या कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना यांपैकी कोणता प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहे, हे पाहावे लागते.